आबांना गरम पाण्याला पाठवलं तेव्हा

लोणावळ्यातून कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा दवाखाना आहे. डॉक्टर एक, पलंग एक आणि मदतनीस म्हणून मी एक. पेशंट मात्र इथे कधी एकटा येत नाही. मावळातली रीतच अशी आहे की माणूस पडला, विळा लागला, चक्कर आली, तर त्या वेळी तिथे जो जो हजर असेल तो तो गाडीत चढतो. जो चढत नाही त्याला पुढे कित्येक वर्षं ऐकावं लागतं, "मी मरत व्हतो तवा तू भात झोडीत व्हतास." मग एका पेशंटपाठी पिकअपच्या हौद्यात डझनभर माणसं येतात. एकदा एक शेळीही आली होती, कारण सगळेच निघाल्यावर घरी तिच्याजवळ कोण थांबणार. ती फार शहाण्यासारखी वागली. तिने कुणालाही कांदा हुंगायला दिला नाही.

कांद्याचं सांगते. चक्कर आलेल्या माणसाला कांदा हुंगवायचा, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. आमच्या पलंगाभोवती मी एकाच वेळी चार हात आणि चार फोडलेले कांदे पाहिले आहेत. पेशंट शुद्धीवर आलाच तर भूक लागून येईल, असा वास. मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई, त्या गर्दीतून कोपर मारत नाडीपर्यंत पोहोचायच्या. "सगळे बाहेर व्हा" म्हणून उपयोग नव्हता. बाहेर हो म्हटलं की माणसं भिंतीला पाठ लावतात आणि आपण बाहेर झालो असं समजतात.

मी मूळची वाशीमकडची. सातवीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि नवऱ्याला आंबीला कंपनीत काम लागलं म्हणून एवढ्या लांब आले. आईला अजूनही वाटतं मी जंगलात राहते. फोनवर पहिला प्रश्न असतो, "वाघ गिघ नाही ना वं तिकडे?" वाघ नाही, पण मला घाबरायला वाघ लागत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. मॅडमनी कामाला ठेवताना विचारलं होतं, रक्त बघून चक्कर येते का. मी खरं तेच सांगितलं, "माहीत नाही, पण मला चक्कर यायला रक्त लागत नाही." त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला, आणि म्हणाल्या, उद्यापासून ये. शिक्षण विचारलंच नाही. त्याबद्दल मी रोज त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते. उघड केला तर ओरडतात.

त्यांनी मला दोन कामं नेमून दिली. एक, तातडीचा डबा. लाल पट्टी लावलेला प्लास्टिकचा डबा, त्यात जीव वाचवायची इंजेक्शनं, सुया, कापूस. तो रोज सकाळी उघडून बघायचा. मी सकाळी बघते, दुपारी बघते आणि कुलूप लावून निघाल्यावर परत कुलूप काढून बघते. शेजारचा चहावाला म्हणतो, "ताई, औषधं पळून जात नसतात." त्याला काय माहीत.

दुसरं काम गर्दीचं. ही युक्ती मॅडमचीच. त्यांनी सांगितलं, नातेवाइकाला हाकलू नकोस, त्याला काम दे. काम मिळालं की माणूस आपोआप बाजूला होतो आणि त्याला वाटतं आपल्यामुळे पेशंट वाचला. तेव्हापासून गाडी थांबली की मी दारात उभी राहून कामं वाटते. एकाला वळणावर उभं करायचं, अँब्युलन्स आली तर हात दाखवायला. हे खरं काम. बाकीची सगळी माझ्या डोक्यातून निघालेली. एकाने चपला ओळीने लावायच्या. एकाने पंख्याच्या बटणावर बोट ठेवून उभं राहायचं. एकाने गाडीला जागा धरून ठेवायची. जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला सगळ्यात लांब धाडायचं, गरम पाणी आणायला. गरम पाण्याचं आम्ही काहीही करत नाही. मॅडमचा चहा होतो कधीकधी.

माझ्यासारखी घाबरट बाई असं भराभर हुकूम सोडते याचं लोकांना नवल वाटतं. पण त्या वेळी मी इतकी घाबरलेली असते की तोंड चालू ठेवलं नाही तर मीच खाली बसेन.

तर मागच्या हिवाळ्यात, सकाळचे पेशंट आटोपत आले होते, आणि कुरवंड्याकडून एक पिकअप हॉर्न वाजवत आली. हौद्यातली सगळी माणसं स्वतःला चापट्या मारत होती. मधोमध एक तरुण माणूस आडवा, डोक्याला स्वतःचाच शर्ट गुंडाळलेला, आणि एका लयीत ओरडत होता, "मेलो, मेलो, मेलो."

झालं होतं असं. त्या घरात नवीन जावई आला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला डोंगराखालच्या देवाला नारळ फोडायला नेलं होतं. तिथे वर कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं आहे हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक आहे, म्हणून तिथे कुणी चूल पेटवत नाही. जावई पिंपरीचा. त्याला चुलीवरचा रस्सा पाहिजे होता, आणि तोही तिथेच, झाडाखाली, फोटोत डोंगर दिसला पाहिजे. त्याने स्वतः ओलं गवत घालून जाळ केला. त्याला कुणी अडवलं नाही, कारण जावयाला नाही कसं म्हणायचं. धूर वर गेला आणि मोहोळ खाली आलं.

"आदी पावन्यांना घ्या," सगळे एकाच वेळी सांगत होते. चौघांनी जावयाला उचलून पलंगावर ठेवलं. त्याचा वरचा ओठ एवढा सुजला होता की नाक त्याच्यावर टेकल्यासारखं दिसत होतं. मॅडमनी त्याचा रक्तदाब घेतला, छाती ऐकली, घसा बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "श्वास चांगला आहे. आवाज तर फारच चांगला आहे." मग नांग्या खरवडून काढायला त्यांना काहीतरी कडक, सपाट पाहिजे होतं. जावयाच्या गळ्यात सुट्टीच्या दिवशीही कंपनीचं ओळखपत्र होतं. मॅडमनी तेच हातात घेतलं आणि त्याच्याच फोटोने त्याची मान खरवडायला लागल्या.

इकडे मी दारात कामं वाटत होते. चुलत्याला वळणावर उभं केलं. सासूबाईंना, म्हणजे जावयाच्या सासूला, चपलांवर बसवलं. एका भावाला पंख्याच्या बटणावर. एका मेहुण्याला मागच्या खिडकीत, मधमाश्या पाठी आल्या तर सांगायला. हे शेवटचं मला तिथल्या तिथे सुचलं आणि माझं मलाच बरं वाटलं.

सगळ्यांच्या पाठीमागे एक वयस्क गृहस्थ उभे होते. पांढरा लेंगा, टोपी हातात. तळहात लेंग्यावर घासत होते. ते घरचे कर्ते, जावयाचे सासरे. सगळे त्यांना आबा म्हणत होते. डसलंय का विचारलं तर म्हणाले, "माजं काय न्हाई. पावन्यांचं हू द्या आदी." आवाज बसलेला होता.

"घसा धरलाय का आबा?"

"जरा. वरडलो आसंल."

मला वाटलं, बिचारे ओरडून दमलेत, लेकीच्या नवऱ्याची काळजी. एवढी गरीब माणसं गर्दीत फार चेंगरली जातात. म्हणून त्यांना मी चांगलं काम दिलं. म्हटलं, "आबा, समोरून किटलीभर गरम पाणी आणा. घसा धरलाय तर तुम्ही पण तिथे घोटभर चहा घ्या."

त्यांनी टोपी घातली, माझ्या हातून किटली घेतली आणि मान हलवून निघाले. इतकं निमूट काम घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आत जावयाला सलग दुसरं इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर त्याचं "मेलो" पुन्हा सुरू झालं होतं. एवढ्यात सासूबाई चपला लावून उठल्या आणि पदराने हात पुसत म्हणाल्या, "आमचं मानूस दिसंना कुटं."

"आबा ना? पाण्याला पाठवलंय मी."

"आगं बाई." त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच, पलंगावर ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलल्या. "त्येंनाबी डसल्यात मानंला. गाडीत म्हनत व्हतं हाताचे तळवं खाजत्यात, डोळ्याम्होरं अंधारी येतीय. मी म्हनलं सांगा डाक्टरनीला. तर म्हनलं, पावनं हायेत, आपलं कशाला मधीच."

त्या हळू बोलल्या तरी मॅडमनी ऐकलं. त्यांचा हात जावयाच्या मानेवर थांबला. मी मॅडमना धावताना कधी पाहिलं नव्हतं, त्या वेळीही त्या धावल्या नाहीत. आधी विचारलं, "चालत गेले?"

"व्हय."

"आवाज बसलेला होता?"

मी मान हलवली.

"तू पुढे जा, शोध. सापडले की आडवं कर. बसव नको, उठव नको, चालवत तर मुळीच आणू नको. आडवं करायचं आणि पाय वर. मी डबा घेऊन मागोमाग आलेच." वळता वळता सासूबाईंना सांगितलं की वळणावरच्या चुलत्याला फोन करून अँब्युलन्स आत्ता बोलवायला लावा, आणि जावयाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही धडधाकट आहात. उठा. तो ऑक्सिजनचा सिलिंडर उचला."

पाठीमागे घरातली माणसं हादरली तेवढं मी ऐकलं. "पावन्यांना वजं उचलाया लावलं." कुणीतरी म्हणालं, "मी घेतो की." मॅडम म्हणाल्या, "त्यांनाच घेऊ द्या, ते आडवे पडून ताजे झालेत."

मी पळत सुटले. चहावाल्याकडे आबा नव्हते.

"आले होते," तो म्हणाला. "पण माझा गॅस संपलाय ना. त्यांना म्हटलं चिक्कीवाल्याकडे बघा, तिथे भट्टी पेटलेली असते."

चिक्कीच्या दुकानात पाक उकळत होता. तिथला कारागीर उलथनं न थांबवता म्हणाला, "पाणी नाही आमच्याकडं. पाक देऊ का म्हटलं किटलीत, तर नको म्हणाले. त्यांना फळवाल्याकडं पाठवलं."

"फळवाल्याकडे गरम पाणी कसं असेल?"

"ते मला बी वाटलं."

फळवाल्याच्या गाडीपाशी तो चुलता उभा होता, ज्याला मी वळणावर ठेवलं होतं. कानाला फोन, एक हात आधीच वर करून तयार. मी विचारलं, आबा दिसले का.

"दिसलं की. मगाशीच गेलं ह्या अंगानं. डुलत चाललं व्हतं."

"डुलत होते तर धरलं का नाही?"

"किटली दिसली हातात. म्हनलं तुमचं काम हाय, कशाला अडवा. मलाबी माजं काम सोडता येईना."

त्याच्यावर रागवायचं होतं, पण रागवणार कशी. माणसाला काम दिलं की तो दुसरीकडे बघत नाही, हे त्याला मीच करायला लावलं होतं. डोक्यात एकच चालू होतं की आबा कुठेतरी भिंतीला टेकून खाली बसले असतील, आणि किटलीत पाणी नाही म्हणून परत यायला लाजत असतील. देवा, मी मनात म्हणाले, माणूस सापडू दे, मी परत कुणालाही पाणी सांगणार नाही, घरी पाहुण्यांनासुद्धा नाही.

फळवाल्याने केळ्याचा घड तसाच हातात धरून मागे मान केली. "सलूनवाल्याकडं गीझर हाय. मी तितंच लावून दिलं."

सलूनचं दार ढकललं. आत टीव्हीवर बातम्या चालू होत्या. एकुलत्या एका खुर्चीत आबा बसले होते, मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले. गळ्याभोवती पांढरा कपडा घट्ट बांधलेला आणि एका गालावर फेस. किटली मांडीवर. सलूनवाला दुसऱ्या गालाला फेस लावत होता.

"काय करताय?" मी म्हटलं.

"दाढी."

"त्यांनी सांगितली?"

"काका आत आले, खुर्चीत बसले आणि डोळे मिटले," सलूनवाला म्हणाला. "आता खुर्चीत बसून डोळे मिटल्यावर माणसाला काय पाहिजे असतं?"

मी आधी तो गळ्याचा कपडा सोडवला. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या, खाली छातीपर्यंत. ओठ पांढरट. श्वासाबरोबर बारीक शीळ वाजत होती. "खुर्ची मागे करा," मी सांगितलं, "आहे तेवढी सगळी." सलूनवाल्याने दांडी ओढली आणि खुर्ची सपाट झाली. पाय वर करायला त्याने स्टूल ओढलं, मी त्यावर टॉवेलांचा ढीग ठेवला. मॅडमनी बसवू नको सांगितलं होतं, आणि आख्ख्या रस्त्यावर माणूस आडवा करून पाय वर ठेवायची सोय एवढ्या एकाच दुकानात होती. मला त्या खुर्चीच्या पाया पडावंसं वाटलं.

"आबा, ऐकू येतंय का?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण किटलीचा कान सोडला नाही.

मॅडम आल्या. पाठोपाठ जावई, डोक्याला शर्ट, खांद्यावर सिलिंडर, उघड्या अंगावर नांग्या काढल्याच्या गांधी. मॅडमनी सुई भरली आणि लेंग्यावरूनच मांडीत बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिलं. ऑक्सिजनचा मास्क लावला, तो फेसावरून घसरत होता. "पुसा तो," त्या सलूनवाल्याला म्हणाल्या. त्याने सवयीने आधी गरम पाण्याचा फडका पिळला. आमच्या दवाखान्याच्या इतिहासात चहा सोडून गरम पाण्याचा एवढाच उपयोग झाला असेल.

मग काही करायचं उरलं नाही, फक्त थांबायचं. मॅडमची बोटं मनगटावर, डोळे आबांच्या छातीवर. सलूनवाल्याने टीव्हीचा आवाज बंद केला. दारात सासूबाई उभ्या होत्या, त्या आत येईनात. चपला लावायच्या कामावरून त्या उठून आल्या होत्या तरी एक चप्पल हातात राहिली होती, कुणाची होती देव जाणे. जावई माझ्या कानाशी आला आणि सुजलेल्या ओठातून पुटपुटला, "जाळ मी केला होता." मी त्याला म्हटलं, पाण्याला मी पाठवलं होतं.

शीळ हळूहळू बारीक झाली. मग थांबली. ओठांवर रंग यायला लागला, म्हणजे आधी मला वाटलं मला वाटतंय, पण मॅडमनीही एक मोठा श्वास सोडला.

आबांनी डोळे उघडले. वर छताला लावलेला आरसा होता, त्यात त्यांनी स्वतःला बघितलं, बराच वेळ. मास्कच्या आतून म्हणाले, "दाडी सांगितली नव्हती मी."

"घेणार नाही पैसे, काका," सलूनवाला म्हणाला, आणि त्याचेच डोळे भरून आले.

अँब्युलन्स आली तेव्हा चुलत्याने वळणावर असा काही हात दाखवला की मागची पर्यटकांची मोटारही तिच्या पाठोपाठ सलूनसमोर येऊन थांबली. स्ट्रेचरवर घेताना आबांनी पुन्हा उठायचा प्रयत्न केला. "पावन्यांना बसाया जागा द्या," म्हणाले. मॅडमनी खांद्यावर हात ठेवून दाबून धरलं. "पाहुणे गेले चुलीत. तुम्ही हलू नका." सगळ्या नात्यागोत्यासमोर एवढं बोलणं मोठं होतं, पण जावयानेच मान डोलावली आणि तो ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. सासूबाई आत आबांजवळ बसल्या.

संध्याकाळी मोठ्या दवाखान्यातून जावयाचा फोन आला. ओठ उतरला असावा, कारण आता त्याचं बोलणं कळत होतं. मामा, म्हणजे आबा, बरे आहेत, एक रात्र नजरेखाली ठेवणार आहेत, चहा मागतायत. मी तो निरोप मॅडमना सांगायला गेले आणि सांगता सांगता रडायला लागले. मॅडमनी खुर्ची पुढे केली. "बस," म्हणाल्या. "आता कामं वाटायच्या आधी एकच करायचं. जो म्हणतो मला काही नाही, त्याची आधी नाडी." आणि स्वतः उठून चहा ठेवला. मला. मी खुर्चीच्या कडेला टेकून तो प्यायले. त्या समोर उभ्या होत्या म्हणून चहा लवकर संपेना.

दुसऱ्या दिवशी गावाकडे परतताना त्यांची गाडी आमच्या दारात थांबली. या खेपेला फक्त तिघं, आबा, सासूबाई आणि जावई. मी आबांना बघताच पलंगाकडे हात केला. ते म्हणाले, "आता बरा हाय मी." मी म्हटलं, "म्हणूनच." ते आडवे झाले. नाडी बघायला मला अजून नीट येत नाही, म्हणून मी मॅडमना हाक मारली आणि तोवर नुसतं मनगट धरून उभी राहिले.

मी सासूबाईंची माफी मागायला लागले. किती पाठ करून ठेवलं होतं, तरी शब्द उलटसुलट व्हायला लागले. मावशी, मला कळायला पाहिजे होतं, मीच त्यांना पाण्याला पाठवलं, काही झालं असतं तर.

त्यांनी मला थांबवलं आणि पलंगाकडे एकदा बघून घेतलं.

"तू म्हनलीस पानी आना, आन् हे गेलं?"

"हो मावशी."

"येकदा सांगितलंस का दोनदा?"

"एकदाच."

"आन् पानी न्हाई मिळालं तर दुसऱ्या दुकानात गेलं? आन् मग तिसऱ्या?"

मी मान खाली घातली.

त्या माझ्याजवळ सरकल्या. "तांब्या बसल्याजागी द्यावा लागतो ह्या मानसाला घरात," त्या म्हणाल्या. "नीट सांग मला, तू म्हनलीस तरी कसं?"

पलंगावरून आबा म्हणाले, "मला काय ऐकू येत न्हाई." मॅडम त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होत्या, त्यांचे खांदे हलत होते, आणि त्यांना नाडी पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.